विश्लेषण : पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन कोण होते? सिन्नरच्या पालखीवाटेवर त्यांची गोष्ट आजही का लागू पडते?

संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते, नाशिक ओलांडते आणि पळसे मागे टाकून सिन्नर तालुक्यात शिरते. लोणारवाडीचा मुक्काम, दातलीचे रिंगण, मग खंबाळे आणि पुढे अहिल्यानगर जिल्हा. पंढरपूरपर्यंतची ही वाट जवळपास चार आठवड्यांची. रोज नवे गाव, नवी पंगत आणि नवे पाणी. याच सिन्नरवरून रामनवमीच्या सुमारास मुंबईहून घोटीमार्गे शिर्डीला जाणारे पदयात्री वावी, पाथरेकडे वळतात. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. तेव्हा या रस्त्यांवरची गर्दी कितीतरी पटींनी वाढेल.

एवढ्या माणसांना वाटेत सर्वाधिक काय छळते? पाय नव्हे, पोट. जुलाब, उलट्या, ताप, वर्तमानपत्रांच्या भाषेत गॅस्ट्रो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच वाटांवर पटकी म्हणजे कॉलरा असायचा आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत दगावायचा. जुन्या वारकऱ्यांना निघण्यापूर्वी दंडात टोचून घेतलेली पटकीची सुई आठवत असेल. ती सुई ज्यांनी भारतात आणली, त्यांच्या नावाची संस्था मुंबईत परळला आहे. करोनाकाळात तिचे नाव पुन्हा कानावर आले. माणूस मात्र बहुतेकांना ठाऊक नाही.

हाफकिन कोण होते?

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा इथला. तेव्हा हे बंदर रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू, परिस्थिती बेताची. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना शिक्षक लाभले ते इल्या मेचनिकॉव्ह, ज्यांना पुढे रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी नोबेल मिळाले. हाफकिन शिकले प्राणिशास्त्र. ते डॉक्टर नव्हते आणि ही गोष्ट पुढे त्यांना फार महागात पडली.

विद्यार्थी असतानाच ते झारशाहीविरोधी चळवळीत ओढले गेले. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. जखमी झाले, अटक झाली. मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटले. विद्यापीठात वरची जागा मिळवायची तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी नकार दिला आणि प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील नोकरीवर समाधान मानले. १८८८ मध्ये देश सोडून ते जिनिव्हाला गेले, १८८९ मध्ये पॅरिसला. मेचनिकॉव्ह आधीच लुई पाश्चर यांच्या संस्थेत पोहोचले होते. तिथे जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम होता.

त्यांनी पटकीच का निवडली?

कारण त्या काळात युरोपही तिच्या दहशतीखाली होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला होता. रोग दूषित पाण्यातून पसरतो हेही लंडनमध्ये त्याआधीच दिसून आले होते. तरी दोन्ही गोष्टींवर वाद संपले नव्हते. स्पेनमध्ये हाइमे फेरान यांनी १८८५ मध्ये हजारो लोकांना लस टोचली. पण नोंदी अशा विस्कळीत की, शास्त्रज्ञांनी ती मानली नाही. तेवढ्यात १८९२ मध्ये रशियात मोठी साथ उसळली.

हाफकिन यांनी पटकीचे जंतू गिनिपिगच्या पोटाच्या पोकळीत एकामागून एक अनेकदा वाढवून जहाल केले. दुसरीकडे उष्णता आणि हवा देऊन त्यांचे दुबळे रूप तयार केले. आधी दुबळ्या जंतूंची सुई आणि सहा दिवसांनी जहाल जंतूंची. प्राण्यांवर हे यशस्वी ठरले. पण माणसाचे काय?

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या बाजूला वेदना झाल्या आणि काही दिवसांत उतरल्या. मग दुसरी सुई. त्यानंतर त्यांच्या रशियन मित्रांनी टोचून घेतले. जुलै संपण्याआधी त्यांनी पॅरिसमधील शास्त्रज्ञांपुढे निष्कर्ष मांडले. आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही, आणि स्वतःवर प्रयोग केल्याने लस सुरक्षित आहे एवढेच कळते. ती रोग थोपवते की नाही हे कळत नाही. हाफकिन यांना हे पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांना असा प्रदेश हवा होता, जिथे पटकी दरवर्षी हमखास येते.

भारतात ते कसे आले?

मायदेशी रशियाने दार उघडले नाही. पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, भारताचे माजी व्हाइसरॉय. त्यांनी भारतात जाण्याचे सुचवले आणि वाट मोकळी करून दिली. वाटेत इंग्लंडमध्ये हाफकिन यांची अल्मरॉथ राइट यांच्याशी गाठ पडली. त्या भेटीतून राइट यांना टायफॉइडच्या लशीची दिशा मिळाली. म्हणजे आज प्रवासाला निघण्यापूर्वी घेतली जाणारी टायफॉइडची सुईही या गोष्टीची लांबची नातलग आहे.

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यात उतरले. आदल्याच वर्षी हरिद्वारची यात्रा पटकीमुळे सरकारने मध्येच बंद पाडली होती. लाखो यात्रेकरूंना परत पाठवताना रोगही त्यांच्यासोबत गावोगाव गेल्याचा आरोप झाला. यात्रा म्हणजे साथ, हे समीकरण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. लोकांच्या डोक्यात सरकारी माणूस म्हणजे जबरदस्ती, हे तितकेच पक्के होते. गावांनी आपापले उपाय शोधले होते. आपल्याकडे मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत, तसे. या वातावरणात एक परका माणूस पटकीचेच जंतू सुईतून अंगात घालू पाहत होता. लोकांनी दगड मारले यात नवल नाही.

एप्रिल १८९३ मध्ये आग्र्यापासून सुरुवात झाली. छावण्यांतील सैनिक, कैदी, चहामळ्यांतील मजूर, गावकरी असे करत जुलै १८९५ पर्यंत जवळपास ४२ हजार लोकांना लस टोचून झाली. सक्ती नाही, हा त्यांचा आग्रह होता.

कलकत्त्याच्या वस्तीत काय दिसले?

हा हाफकिन यांच्या कामाचा गाभा. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी विल्यम सिम्पसन यांनी त्यांना बोलावले. काटाल बागान नावाच्या झोपडवस्तीत पटकीने दोन मृत्यू झाले होते. वस्ती सुमारे २०० माणसांची. सारे एकाच तळ्याचे पाणी वापरणारे, एकमेकांना खेटून राहणारे. हाफकिन आले तेव्हा लोक बिथरलेले होते. त्यांच्यासोबत चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे भारतीय डॉक्टर होते. लोकांशी बोलायला इंग्रज अधिकारी पुढे न करता हे डॉक्टर पुढे झाले आणि लोकांदेखत हाफकिन यांनी स्वतःला सुई टोचून घेतली. मग एकेक जण पुढे येऊ लागला. २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली.

त्यानंतर त्या वस्तीत पटकीचे आणखी दहा रुग्ण निघाले, त्यातले सात दगावले. दहाच्या दहा जण लस न घेतलेल्यांपैकी होते.

आकडा लहान आहे, पण तो विश्वासार्ह का ठरला, हे पाहण्यासारखे आहे. लस घेतलेले आणि न घेतलेले एकाच अंगणात राहत होते, तेच पाणी पीत होते, तेच अन्न खात होते. फरक फक्त सुईचा. छावणीतील सैनिकांची तुलना बाजारातील हमालांशी केली असती तर लस कशीही चांगली दिसली असती, कारण सैनिकाचे पाणीच वेगळे. हाफकिन पुढेही घराघरांत अशीच तुलना करत राहिले. आजची लसचाचणी याच विचारावर उभी आहे.

आणि त्यांनी लशीचे उणेपणही लपवले नाही. घराघरांतील नोंदींवरून दिसले की सुई घेतल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस तिचा जवळजवळ उपयोग नसतो आणि साधारण वर्षभरानंतर जोर ओसरतो. यात्रेकरूच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. वेशीवर सुई घ्यायची आणि तडक गर्दीत शिरायचे, तर संरक्षण काहीच नाही. पहिले चार-पाच दिवस सारा भरवसा पाण्यावरच.

मुंबईत ते कशासाठी आले?

या धावपळीत मलेरियाने गाठल्याने १८९५ मध्ये हाफकिन युरोपला परतले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, आणखी सुमारे ३० हजार लोकांना पटकीची लस टोचली. तेवढ्यात मुंबईत प्लेग फुटला. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्यांना तिकडे पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या भांडवलावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी, अर्थातच, आधी स्वतःला टोचून घेतली. मात्रा लोकांना द्यायच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून सहा दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही.

हेच वर्ष पुण्यात रँडच्या घरझडत्यांचे आणि २२ जूनच्या चापेकरांच्या गोळीचे. एकीकडे सोजिरांच्या बुटांनी देवघरापर्यंत शिरलेला प्लेगबंदोबस्त, दुसरीकडे रांगेत उभे राहून स्वखुशीने घेतलेली सुई. दोन्ही एकाच सरकारच्या राज्यात, एकाच रोगासाठी. फरक कशाने पडतो हे त्या सरकारला उशिरा कळले. आगाखान यांनी जाहीरपणे लस घेतली, आपला बंगला प्रयोगशाळेला दिला. त्यांच्या अनुयायांनी हजारोंच्या संख्येने टोचून घेतले. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तीच.

एका बाटलीने सारे कसे उलटले?

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग हाताबाहेर गेला. लाखो लोकांना लस टोचण्याची योजना ठरली आणि परळवर मागणीचा मारा सुरू झाला. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून लशीत कार्बॉलिक ॲसिड घालण्याची जुनी पद्धत सोडून फक्त उष्णतेने जंतू मारण्याची पद्धत हाफकिन यांनी घेतली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ती आधीपासून चालू होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. पाच बाटल्या वापरल्या. काही दिवसांनी त्यातील एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसही जण मरण पावले. प्लेगपासून वाचायला आलेली माणसे होती ती.

चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला : बाटली उघडण्याआधीच दूषित होती, कार्बॉलिक वगळणे चुकले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. १९०४ मध्ये ते भारत सोडून लंडनला गेले. रशियन, ज्यू आणि डॉक्टर नसलेला माणूस एवढ्या मोठ्या पदावर, हे अनेकांच्या डोळ्यात आधीपासून खुपतच होते. या प्रकरणाची तुलना पुढे फ्रान्समधील ड्रायफस खटल्याशी झाली ती उगाच नाही.

चौकशीच्या कागदांतच मात्र एक नोंद होती. मुल्कोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो जंतुनाशकात नुसता बुचकळून त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली परळहूनच दूषित निघाली असती तर इतक्या आठवड्यांत आतले द्रव कुबट वासाचे झाले असते; तसा वास उघडणाऱ्याला आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला. मलेरियाचा डासाशी संबंध शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त केले.

पाच वर्षे गेली होती. मधल्या काळात लशीवरचा विश्वास ढासळला आणि पंजाबात प्लेगने लाखो माणसे नेली. त्यातली किती वाचली असती हे कोणी मोजले नाही. निर्जंतुक बाटली, निर्जंतुक सुई आणि हे सारे हाताळणारा शेवटचा माणूस, या साखळीतली कुठलीही कडी निसटली की शोध कितीही मोठा असो, तो त्या गावापुरता विषच ठरतो. हे पाण्याच्या टँकरलाही तितकेच लागू आहे.

ते परत आले का?

आले, पण परळला नाही. मुंबईतली जागा दुसऱ्याकडे गेली होती. कलकत्त्याला एक प्रयोगशाळा मिळाली, पण माणसांवरील चाचण्यांना परवानगी नाही. मृत जंतूंची, अधिक सुरक्षित अशी पटकीची लस तिथे त्यांच्या डोक्यात होती. मोठ्या प्रमाणावर वापरून पाहण्याची संधी मिळाली नाही. १९१४ च्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपला गेले. लग्न केले नव्हते. उरलेले आयुष्य धर्माचरणात आणि पूर्व युरोपातील ज्यूंच्या मदतीत गेले. संपत्ती त्यांनी ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, ते हयात असताना. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान इथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

पटकीची सुई बंद का झाली?

स्वातंत्र्यानंतरही अनेक यात्रांना जाणाऱ्यांना मृत जंतूंपासून केलेली पटकीची लस टोचली जात असे आणि टोचल्याचा दाखला जवळ ठेवावा लागे. पण मोजणी काटेकोर होत गेली तसे दिसले की ही सुई साधारण निम्म्या लोकांनाच वाचवते, तेही तीन ते सहा महिने. शिवाय टोचून घेतलेला माणूस स्वतः आजारी न पडताही जंतू पसरवू शकतो. मग नाक्यावर दाखले तपासून साथ थांबते कशी? १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांकडे पटकीच्या लशीचा दाखला मागण्याची अट काढून टाकली.

दरम्यान उपचार बदलला होता. पटकीत माणूस मरतो तो जंतूमुळे कमी, पाणी आणि क्षार शरीराबाहेर गेल्यामुळे अधिक. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली. तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चार टक्क्यांच्या खाली आला. ओआरएसची पुडी घराघरांत पोहोचली ती त्यानंतर.

आज तोंडाने घ्यायची पटकीची लस आहे. दोन मात्रा, किमान दोन आठवड्यांच्या अंतराने. भारतातही ती बनते. आपल्या नियमित लसीकरणात ती नाही. साथीच्या भागात किंवा मोठा धोका असेल तिथे वापरली जाते. टायफॉइडची नवी लस एका सुईची आहे. लांबच्या यात्रेला निघणाऱ्याने तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारावे, आणि तेही निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे; हाफकिन यांच्या नोंदीतले ते चार-पाच कोरडे दिवस इथेही आहेत, उलट थोडे अधिकच.

मग सिन्नरच्या वाटेने चालणाऱ्याने काय पाहावे?

आधी पाणी. तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात उन्हाळाभर टँकर चालतात आणि पालखी येते ती पहिल्या पावसाच्या तोंडावर. कोरड्या विहिरीत वरचे सारे वाहून येण्याचा हाच काळ. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. ती टाकल्यावर निदान अर्धा तास थांबले तरच उपयोग. पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे ओटी टेस्टमध्ये रंगावरून कळते. जलसुरक्षक गावात असतो, त्याला विचारायला संकोच नको. पावसाळ्याआधी आणि नंतर गावांच्या पाण्याची पाहणी होऊन लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. लाल कार्डाच्या गावात मुक्काम असेल तर दिंडीप्रमुखाला ते आधी माहीत असायला हवे. क्लोरीनचा थोडा वास येतो म्हणून पाणी टाकून देणारे बरेच असतात. प्रत्यक्षात तो वास चांगला.

खात्री नसेल तर खळखळून उकळी फुटू द्यावी, मिनिटभर चालू ठेवावी. क्लोरीनच्या द्रावणाची छोटी बाटली पिशवीत ठेवावी आणि तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच थेंब टाकावेत. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो, म्हणून आधी फडक्याने गाळून घ्यावे. दिंडीच्या पिंपात हात बुडवून तांब्या भरला जातो तिथेच निम्मा घोटाळा होतो. तोटी असलेले पिंप नाहीतर लांब दांड्याचे वगराळे, एवढा बदल पुरे. कलकत्त्याच्या त्या वस्तीतही सगळ्यांचे तळे एकच होते.

रसवंतीचा रस ताजा असतो. त्यातल्या बर्फाची खात्री नसते. बर्फाशिवाय मागावा. पंगतीत वाफाळते अन्न बहुधा सुरक्षित. सकाळी शिजवून दुपारपर्यंत झाकून ठेवलेला भात मात्र दगा देतो, कारण त्यातील काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. एकादशीच्या भगरीचेही तसेच. जुने, दमट राहिलेले भगरीचे पीठ खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत दरवर्षी येतात. सुटे पीठ घेण्यापेक्षा भगर निवडून, धुऊन घरी दळावी. हातांना साबण लागतो. नुसते पाणी किंवा माती चालत नाही.

जुलाब सुरू झालेच तर थांबून न राहता पहिल्या जुलाबापासून ओआरएस. एक पुडी लिटरभर शुद्ध पाण्यात, पूर्ण पुडी एकदम, आणि २४ तासांनी उरलेले फेकून द्यावे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट. लहान मुलांना अंगावरचे दूध बंद करू नये आणि झिंकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तसे १४ दिवस द्याव्यात. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब वारंवार होत असतील, लघवी बंद झाली असेल, डोळे खोल गेले असतील, शौचात रक्त दिसत असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर दिंडी पुढे जाऊ द्यावी आणि रुग्णाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सिन्नरच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत पाजत राहावे. एकाच मुक्कामावर तीन-चार जणांना एकदम त्रास झाला तर ते आरोग्य पथकाला लगेच कळवावे, म्हणजे मागून येणाऱ्या दिंडीला तेच पाणी दिले जाणार नाही.